विंचवाचं औषध

सुकांत डोर्लेकर तवसाळहून शेवटच्या फेरीबोटीने आला,
ओपीडी बंद झाल्यावर,
जेव्हा दवाखान्यात मी असते आणि ट्यूबलाइटमागच्या पाली.
हनुवटीवर कोवळी दाढी,
अंगाला बांगड्याच्या जाळ्याचा वास.
ओटीपोटात दुखतंय,
हे त्याने खिडकीबाहेर बघत सांगितलं.

मी केसपेपर ओढला.
नाव, वय, गाव,
पुढे छापील दोन चौकोन, आणि तिसरा
कोणीतरी मागाहून पेनने काढलेला, वाकडा.
पाळी? मी विचारलं,
आणि एकतीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा
हा शब्द माझ्याच जिभेला अडला.

बंद झालेली, तो म्हणाला, इंजेक्शनांनी.
गेल्या म्हैन्यापासनं परत.
कुठलं इंजेक्शन?
मुंबैचा एक दोस्त पाठवतो.
किती घेतोस?
तो घेतो तेवढंच.
त्याचं वजन?
माझ्या दीडपट असंल.

डॉक्टर क्वार्टरवरून तसेच चपला सरकवत आले.
भला पोरगा, कळत नाही ते कळत नाही म्हणतो.
जाडं पुस्तक उघडलं, मागची सूची चाळली.
त्यात फुरसं होतं, लेप्टो होता,
देवीसुद्धा होत्या, ज्या त्याने जन्मात पाहिल्या नाहीत.
सुकांत नव्हता.
शिकवलंच नाही हो आम्हाला, साडेपाच वर्षांत,
एवढं म्हणून पुस्तक मिटलं,
बोट मात्र आतच राहिलं.

रत्नागिरीला फोन लावला.
कोल्हापूरला पाठवा, रत्नागिरी म्हणाली.
कोल्हापुरात कोणाकडे, ते तिला माहीत नव्हतं.
सुकांत एकदा जाऊन आलाय अशा ठिकाणी.
दारावर पाटी: स्त्री-रोग विभाग, पुरुषांनी थांबू नये.
वॉचमनने पाटी वाचली, त्याची दाढी वाचली,
आणि आपलं काम केलं.

मला तेव्हा दत्तू आठवला, माझा धाकटा भाऊ.
चिऱ्यांच्या ढिगात हात घातलेला.
लाल विंचू, एवढासा.
बापाने भगत आणला, मग डॉक्टर आणला,
दोघांनीही सांगितलं, याला औषध नाही.
पहाटे घामाने भिजलेली त्याची चड्डी
आई पिळत होती.

पुढे कुणीतरी अशाच पोरांच्या खाटेशी बसलं,
रात्र रात्र नाडी मोजली,
पाय गार पडले कधी, तोंडाला फेस आला कधी,
सगळं वहीत लिहून काढलं.
म्हणून आज ती गोळी माझ्या कपाटात आहे,
दुसऱ्या खणात, डावीकडे.
(आशाताईंच्या मीटिंगला हे बोलले
तर आधी सांगावं लागेल, बायांनो,
हा पोरगा विंचूही नव्हे आणि विषही नव्हे.
नाहीतर तेवढंच घेऊन घरी जातील.)

हिवतापाच्या स्लाइडी दर आठवड्याला तालुक्याला जातात,
निगेटिव्हसुद्धा मोजतात तिथे.
या खाडीच्या दोन्ही काठांवर
असे किती जण दुसऱ्याच्या मापाचं औषध टोचून घेतात,
कुणाचं रक्त घट्ट होतं, कुणाचं यकृत सुजतं,
कोण नुसतंच सोसतं,
त्याचा फॉर्म आलेला नाही.
मी विचारलाही नव्हता, खरं तर.

लसीकरणाचं एक जुनं रजिस्टर अर्धं कोरं होतं.
त्यात तारीख टाकली.
नाडी अठ्ठ्याऐंशी. बीपी ठीक. वजन बावन्न.
सुकांतने उलटं वाचलं.
चौपन्न, सिस्टर. मासळीच्या टोपल्या उचलतो मी.
मी खोडलं. चौपन्न.

बोट केव्हाच गेली होती, आता सकाळचीच.
डॉक्टरांनी स्टूल ओढलं.
पहिल्यापासून सांग, म्हणाले,
आम्हाला काहीच माहीत नाही असं धर.

धरायचं कशाला, सुकांत म्हणाला,
आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदा
खिडकी सोडून आमच्याकडे बघून हसला.